कोल्हापुरात शॉर्टवेव्ह: आधी घरघर शोधा, मग तार ओढा

नवा रेडिओ गच्चीवर नेला की स्टेशनं धडाधड लागतात, आणि तोच हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला की नुसती घरघर. मग सेटला नावं ठेवली जातात. सेट बहुतेक वेळा धड असतो. घरघर चार्जरची असते, एलईडी बल्बची असते, नाहीतर गल्लीतल्या विजेच्या खांबाची. तिथे महागडा सेट आणून बसवला तर तो तीच घरघर जास्त स्पष्ट ऐकवतो. प्रक्षेपणातही तसंच: समोरच्याला तुमचे दहा वॅट नीट पोचतात, पण त्याचं उत्तर तुमच्याच घराच्या गोंगाटात बुडतं.

सेट

दोन गोष्टी बघून घ्या. फ्रिक्वेन्सी आकड्यात दिसली पाहिजे, आणि एसएसबी (सिंगल साइडबँड, बोलणं पाठवायची एक पद्धत) पाहिजे. एसएसबी नसलेल्या सेटवर हॅम मंडळींचं (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांचं) बोलणं बदक बोलल्यासारखं येतं आणि शब्द एक कळत नाही. टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडेटा डी-८०८ यांपैकी कुठलाही चालेल. पहिल्यात जुन्या नोकियाचा बीएल-५सी सेल बसतो, दुसऱ्यात १८६५०. काटकसर करायची तर एसआय४७३२ चिपवरचे छोटे एटीएस-२० सेट मिळतात. ऐकायला बरे, पण प्लास्टिकच्या डब्यात असल्यामुळे घरातली खरखर लवकर पकडतात. आजोबांच्या कपाटातला व्हॉल्व्हचा सेट चालू असेल तर प्रसारण ऐकायला झकास आहे, मात्र त्यावर हॅम ऐकण्याची आशा धरू नका.

आल्या आल्या डायल खरा आहे का ते तपासा. रात्री १०,००० किलोहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदाचे ठोके येतात. एसएसबी लावून आकडा बरोबर १०,०००.०० वर आणा. मागे शिटी ऐकू आली तर डायल तेवढा चुकतोय. फाइन ट्यूनिंग फिरवत शिटी खाली आणा. यूएसबी आणि एलएसबी (एसएसबीची वरची आणि खालची बाजू) आलटून पालटून लावल्यावर आवाज सारखाच वाटला की जमलं. किती सरकवावं लागलं तो आकडा सेटच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा, पुढे सारखा लागतो.

घरघरीचा माग

हे काम रात्री नऊच्या सुमारास करा, म्हणजे घरातलं सगळं चालू असतं. सेट सेलवर ठेवा, चार्जर लावून नव्हे. ७१०० किलोहर्ट्झ, एलएसबी, आवाज मध्यम. आता घराचा मेन स्विच पाडा.

घरघर एकदम बसली तर चोर घरात आहे. मेन चढवून एकेक एमसीबी पाडत खोली शोधा, मग त्या खोलीतला एकेक प्लग काढा. नुसतं बटण बंद करून फसू नका. काही अडॅप्टरचं बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि ते बंद करूनही गुरगुरत राहतात. आवाजावरूनही बराच अंदाज येतो:

- एकसारखी जाड गुरगुर, डायलभर: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी बल्ब.
- डायल फिरवताना दर ५० ते १०० किलोहर्ट्झला एक फुगवटा, मध्ये शांत: मोबाइल किंवा लॅपटॉपचा चार्जर, राउटरचा अडॅप्टर.
- फक्त दिवसा, ऊन चढेल तसा वाढणारा आवाज: गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर किंवा चार्ज कंट्रोलर.
- साधारण सेकंदाला एक टकटक: शेताच्या कुंपणाचं झटका मशीन. राधानगरी, आजरा, चंदगडकडे गवे आणि रानडुकरं आवरायला ती पुष्कळ असतात. कुंपणाच्या तारेला गवत टेकलं की ठिणगी उडते आणि टकटक दुप्पट होते. गवत काढलं की निम्मं काम होतं, आणि शेतकऱ्याचंही भलं होतं, कारण झटका गवतात वाया जात नाही.

बल्ब सरळ बदलायचा. चार्जरला फेराइटचा (घरघर अडवणाऱ्या काळ्या चुंबकीय कड्याचा) उपाय. बाजारात मिळणारं चिमट्यासारखं फेराइट वायरीवर नुसतं अडकवून फारसं काही होत नाही. तीच वायर त्यातून तीन वेळा काढा; परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तिप्पट नव्हे, नऊपट. फेराइटची जात महत्त्वाची: ३१ नंबरचं मिक्स शॉर्टवेव्हला योग्य. जात न सांगता विकलं जाणारं फेराइट बहुधा एफएमच्या वरच्या पट्ट्यासाठी बनवलेलं असतं.

मेन पाडूनही घरघर तशीच राहिली तर ती बाहेरची. शेजारी की खांब, हे असं ओळखा: सेट मिडियम वेव्हवर १६०० किलोहर्ट्झच्या आसपास रिकाम्या जागी लावा आणि हातात आडवा धरून सावकाश फिरवा. आतली फेराइट सळई वरच्या कडेला आडवी असते. ज्या वेळी आवाज सगळ्यात कमी होतो, त्या वेळी सेटची अरुंद बाजू उगमाकडे बघत असते. ती दिशा मनात धरून पन्नास पावलं बाजूला जा आणि पुन्हा फिरवा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे कारण. खांबावरचा सैल जोड किंवा तडकलेला इन्सुलेटर उन्हाळ्यात कडकडतो आणि पावसाची पहिली सर आली की गप्प होतो. शेजाऱ्याचा चार्जर पावसाला विचारत नाही. तक्रार करताना खांबाचा नंबर लिहून द्या, नाहीतर येणारा वायरमन भलत्याच खांबावर चढतो.

गणपतीचे दहा दिवस मात्र सोडून द्या. मंडळाची एलईडी भिंत आणि जनरेटर यांच्यापुढे फेराइटचं काही चालत नाही. त्या दिवसांत सेट घेऊन जोतिबाच्या डोंगराकडे किंवा पन्हाळ्याला जावं.

ऐकायची तार

घरात वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर घ्या. दहा ते पंधरा मीटर पुरे. एक टोक गच्चीवरच्या टाकीच्या स्टँडला, दुसरं झाडाला किंवा मेसकाठीला. दोन्ही टोकांना खांबाच्या ताणाला असतात तसले चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर. ते नसतील तर पीव्हीसी पाइपचा दहा सेंटिमीटर तुकडा दोन भोकं पाडून चालतो. विजेच्या तारेच्या वरून किंवा खालून एरियल कधीही नेऊ नका. तुटून पडला तरी तिथवर पोचणार नाही इतकं अंतर ठेवा.

तार थेट सेटला आणली तर वाटेत घरातून जाताना ती पुन्हा घरघर गोळा करते. म्हणून बाहेरच ९:१ चा ट्रान्सफॉर्मर लावा आणि तिथून पुढे कोअ‍ॅक्स केबल (टीव्हीला असते तशी, आत तार आणि भोवती जाळी). एफटी१४०-४३ या फेराइटच्या कड्यावर (कोअरवर) तीन तारा एकत्र धरून नऊ वेढे, की ट्रान्सफॉर्मर झाला. त्याची अर्थची बाजू जमिनीत ठोकलेल्या सळईला द्या. स्विचबोर्डच्या अर्थ पिनेला देऊ नका, कारण घरातला सगळा कचरा त्याच वायरीत फिरत असतो.

तार तीस मीटर केली की छोटा सेट गुदमरतो: एकच स्टेशन डायलवर चार ठिकाणी दिसू लागतं, मिडियम वेव्हची गाणी मध्येच घुसतात. तसं झालं तर बाजूचं बटण ‘डीएक्स’वरून ‘लोकल’वर सरकवा किंवा तार कमी करा. मंगळवार पेठेसारख्या दाटीत तार ओढायला जागाच नसते; तिथे एक मीटर व्यासाची उभी लूप गॅलरीत चांगली चालते. ती फिरवून घरघरीकडे तिची बहिरी बाजू करता येते, हा फायदा तारेला नाही.

कधी, कुठे

सगळी वेळापत्रकं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा. केंद्रं आपल्या फ्रिक्वेन्सी वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. म्हणून जुनी यादी पाठ करण्यात अर्थ नाही, पट्टे ओळखीचे झाले पाहिजेत.

दिवसा सूर्यामुळे वातावरणाचा डी थर तयार होतो आणि तो खालच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. म्हणून दुपारी १९, १६ आणि १३ मीटर (१५, १७ आणि २१ मेगाहर्ट्झच्या आसपास) धरा. दिवेलागणीला डी थर विरतो आणि ३१ मीटर (९४००–९९०० किलोहर्ट्झ), मग ४१ मीटर, मग ४९ मीटर (५९००–६२००) जिवंत होतात. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतं, जूनमध्ये सातनंतर; त्याच्या मागेपुढे अर्धा-पाऊण तास सगळ्यात भरलेला असतो. प्रसारण सोडून काही वेगळं ऐकायचं तर ६६७६ किलोहर्ट्झ, यूएसबी: वैमानिकांसाठी आशियातल्या विमानतळांचं हवामान पाळीपाळीने वाचलं जातं. सकाळी ७०५० ते ७१५० मध्ये एलएसबीवर भारतातले हॅम गप्पा मारताना सापडतील. हॅम १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी वापरतात, वर यूएसबी.

ट्रान्समीटरकडे

परवान्याशिवाय ट्रान्समीटर वापरणं सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. ऑनलाइन सहज मिळणारे बहुतेक चिनी वॉकीटॉकीही यातच आले. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते आणि अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर होतो. वय किमान १२. दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड, जिची कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं नाव) व्हीयू३ ने सुरू होते, आणि जनरल, व्हीयू२. जनरलला मोर्स लागतं, मिनिटाला आठ शब्द. रिस्ट्रिक्टेड देऊन सुरुवात करा, मोर्स सावकाश येतं.

पहिल्या सेटसाठी ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) एकच पट्टा पुरतो. हैदराबादच्या अशर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी आखलेला बिटेक्स हा आपल्याकडचा घरगुती ट्रान्सीव्हर (ऐकणं आणि बोलणं एकाच सेटमध्ये) जगभर बांधला गेला आहे. बिटेक्स-४० बारा व्होल्टवर साधारण सात वॅट देतो, मायक्रोबिटेक्स खालच्या पट्ट्यांवर दहाच्या आसपास, वरच्या पट्ट्यांवर त्याहून कमी. कमी वाटतील, पण पुणे, मुंबई, बेळगाव, रत्नागिरी एवढ्यावर आरामात होतं.

बोर्ड जोडण्याआधी डमी लोड (चाचणीपुरता एरियलच्या जागी लावायचा रेझिस्टर) बनवा. एक किलोओहम, दोन वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॅट मिळतात. मेटल फिल्म किंवा कार्बनचे घ्या. तारेचे गुंडाळलेले घेतलेत तर ते कॉइलसारखे वागतात आणि सगळी मापं खोटी येतात. त्यावर १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टचा कपॅसिटर लावला की साध्या मल्टिमीटरने वॅट मोजता येतात: मीटरचा आकडा अधिक ०.७, त्याचा वर्ग, भागिले १००. मीटर २५.८ दाखवत असेल तर २६.५ चा वर्ग ७०२, म्हणजे सात वॅट. बारा-पंधरा वॅटच्या वर गेलात तर दोन डायोड एकामागे एक लावा, एकाला तो उलटा दाब सोसत नाही.

शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० मॉसफेट (शक्ती वाढवणारा ट्रान्झिस्टर) असतो. त्याचा धातूचा पंखा म्हणजेच ड्रेन. हीटसिंकवर अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकची बुश नसेल तर सप्लाय सरळ शॉर्ट. बायस (न बोलताही मॉसफेटमधून वाहणारा करंट) ठेवताना प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) आधी पूर्ण खाली आणा, डमी लोड लावा, माइक न बोलता दाबा आणि प्रीसेट चढवत १०० मिलिअँपिअर करंट वाढला की थांबा. खाली न आणता सुरू केलंत तर मॉसफेट एका सेकंदात जातो. दोन-तीन जास्तीचे आणूनच ठेवा.

स्वतःचा ट्रान्समीटर आखत असाल तर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारी चाळण) टाळू नका. ७.१ चा सेट १४.२ आणि २१.३ वरही बोलत असतो आणि ते दुसऱ्यांच्या पट्ट्यात जातं. ४० मीटरसाठी कपॅसिटर बाहेरचे दोन २७० पिकोफॅरड, आतले दोन ६८०; सगळे एनपी० जातीचे, कारण साध्या डिस्कचे तापले की किंमत बदलतात. कॉइल टी३७-६ या पिवळ्या कोअरवर: बाहेरच्या दोन २१ वेढ्यांच्या, मधली २४. तार २८ गेजची एनॅमल. ती शोधत लांब जायला नको. उद्यमनगरात मोटार रिवायंडिंग करणाऱ्याकडे वजनावर मिळते. २४ वेढ्यांना ३५ सेंटिमीटर लागते.

वेढे मोजण्यात हमखास घोळ होतो. तार भोकातून एकदा गेली म्हणजे एक वेढा, बाहेरून कितीही फिरलेली दिसो. म्हणजे नुसती ओवून सोडली तरी एक झाला. मोजणी नेहमी आतल्या बाजूने. वेढे कोअरच्या घेरावर सारखे पसरवा, दोन टोकांमध्ये थोडी फट ठेवा. मग टोकं ब्लेडने चारी बाजूंनी खरवडा, तांबं लाल चकचकीत दिसेपर्यंत, आणि बोर्डावर लावण्याआधीच कथील चढवून घ्या. ‘सगळं बरोबर जोडलंय पण आउटपुट शून्य’ या तक्रारीत बहुतेक वेळा एखाद्या टोकाला एनॅमल शिल्लक असतं. डाग वरून छान गोल दिसतो आणि आत जोडच नसतो. मल्टिमीटरची बीप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वीज: १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची यूपीएसची बॅटरी. ऐकताना घरघर शून्य, आणि २०१९ आणि २०२१ च्या पुरात जे झालं तसं वीज आणि मोबाइल दोन्ही गेले तरी सेट चालू. ३ अँपिअरचा फ्यूज आणि उलटं जोडलं तर वाचवणारा डायोड विसरू नका. निम्म्याच्या खाली बॅटरी उतरवू नका, लवकर मरते.

डायपोल

डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार. एकूण लांबी मीटरमध्ये: १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला २०.१४, म्हणजे प्रत्येक बाजू १०.०७ मीटर. पण कापताना साडेदहा कापा. प्लास्टिकचं आवरण, उलट्या व्हीचा आकार, जवळची पत्र्याची शेड, हे सगळं लांबी बदलतं, आणि कापलेली तार परत जुळत नाही.

मध्य भाग नऊ-दहा मीटर उंच असला की झालं. दोन मजली घराच्या गच्चीवर सव्वा इंची जीआय पाइप टाकीच्या स्टँडला दोन ठिकाणी क्लॅम्प करा. एवढ्या उंचीवर ४० मीटरचा बराचसा जोर वर आकाशाकडे जातो आणि छत्रीसारखा आसपासच्या चारशे-पाचशे किलोमीटरवर उतरतो. जवळपास बोलायला हेच हवं. आणखी उंच नेण्याचा हट्ट नको. टोकं हाताला लागणार नाहीत इतकी वर, अडीच मीटरच्या खाली नको. टोकाला व्होल्टेज जास्त असतं आणि दहा वॅटसुद्धा बोट भाजतात. जागा कमी असेल तर शेवटचे दोन-तीन मीटर वळवून खाली सोडा, चालतं.

आरजी-५८ केबल ३० मीटरला ४० मीटर पट्ट्यात जेमतेम पाव शक्ती खाते. तीच १४५ मेगाहर्ट्झला तीन चतुर्थांश खाईल, तिथे आरजी-२१३ घ्या. टीव्हीची आरजी-६ ऐकायला उत्तम, पण तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला कथील धरत नाही. केबल डायपोलला जोडते तिथे एफटी२४०-३१ कोअरवर तिचे दहा-बारा वेढे घ्या. हा चोक नसेल तर केबलची जाळीच एरियल बनते: बोलताना आवाज फाटतो, माइकला चटका बसतो, आणि ऐकताना घराची घरघर परत आत.

एसडब्ल्यूआर (एरियलकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) मोजा, सगळ्यात कमी कुठे येतो ते बघा. समजा ६.९५ वर आला. तार लांब आहे, ७.१ वर आणायला प्रत्येक बाजू सुमारे २२ सेंटिमीटर कमी करायची. ५० किलोहर्ट्झला बाजूमागे सात सेंटिमीटर हा हिशेब लक्षात ठेवा. कापू नका, टोक मागे दुमडून पिळा आणि परत मोजा. १.५ च्या खाली आलं की पुरे. एकपर्यंत नेण्यात दिवस घालवून काही मिळत नाही.

बोलण्याआधी पाच मिनिटं ऐका, जागा रिकामी आहे का विचारा, कॉलसाइन सांगा. वहीत तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी आणि रिपोर्ट लिहा.

वळीव आणि पाऊस

एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग भरले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. गडगडाट ऐकू येईपर्यंत थांबू नका. सेटवर कडकड सुरू होते तीच पहिली सूचना. एरियलच्या अर्थिंगची सळई घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याशी जाड तांब्याच्या पट्टीने बाहेरच्या बाहेर जोडा. दोन वेगळे अर्थ ठेवले तर वीज जवळ पडल्यावर त्यांच्यातला फरक सेटमधून वाट काढतो. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत ओल टिकते, अर्थिंग सहज मिळतं. पन्हाळा-आजऱ्याच्या जांभ्यात खड्डा करून कोळसा-मीठ भरा आणि उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

केबलचे पीएल-२५९ जोड पाण्याला मुळीच अडवत नाहीत. त्यांवर ताणून चिकटणारी रबराची टेप खालून वर गुंडाळा, वरून साधी काळी टेप. खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल. गगनबावड्याकडे एका पावसाळ्यात जाळी काळी पडते. दिवाळीला वरच्या जोडाजवळची केबल दहा सेंटिमीटर सोलून बघा: जाळी चकचकीत असेल तर ठीक, काळी निघाली तर चकचकीत जाळी लागेपर्यंत कापत जा आणि जोड नव्याने लावा.